नागपूर ते पुणे विमानाने अंतर किती, वेळ किती? तिकीट काढण्याआधी हा हिशोब पाहा

धरमपेठ (नागपूर) : धरमपेठेत तिकीट काढून देणाऱ्या दुकानात काटोल, नरखेड, उमरेड, भिवापूरकडचा माणूस आला की त्याचा पहिला प्रश्न भाड्याचा असतो. दुसरा असतो, "पुण्याला किती वेळात पोचते?" दुकानदार सांगतो, सव्वा तास, फार तर दीड तास. उत्तर खोटं नाही. पण त्या दीड तासाच्या भरवशावर गावाहून निघालेल्या माणसाचं विमान चुकतं, तिकिटाचे पैसे जातात, आणि ज्या कामासाठी निघाला तेही राहून जातं. पोरगा किंवा पोरगी पुण्यात शिकायला, नोकरीला असलेली घरं आता ग्रामीण तालुक्यांतही गावोगावी आहेत. म्हणून हा हिशोब एकदा नीट मांडलेला बरा.

आधी अंतर

नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, म्हणजे जुन्या लोकांचं सोनेगाव, आणि पुण्याचा लोहगाव विमानतळ यांच्यातलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे ६०५ किलोमीटर आहे. मोबाइलवर शोधलं तर कुठे ३७६ दिसतं, कुठे ३२७ दिसतं, आणि माणूस गोंधळतो. तिन्ही आकडे एकाच अंतराचे आहेत. ३७६ हे साधे मैल आणि ३२७ हे नॉटिकल मैल. विमानवाले आणि जहाजवाले नॉटिकल मैल वापरतात, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

रस्त्याने हेच अंतर साधारण ७०० किलोमीटर पडतं. रेल्वेने तर ८८१ किलोमीटर, कारण गाडी आधी वर भुसावळ, मनमाडकडे जाते आणि मग दौंडमार्गे खाली पुण्याला येते. कास्तकाराला हे समजावून सांगायची गरज नाही. धुऱ्याधुऱ्याने सरळ गेलं तर वावर अर्ध्या किलोमीटरवर असतं, बैलबंडी घेऊन पांदणीने गेलं तर तेच दीड किलोमीटर होतं.

विमानही अगदी धुऱ्याने जात नाही, ही गोष्ट मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते. आकाशात ठरलेले मार्ग आहेत. निघताना वाऱ्याच्या दिशेप्रमाणे धावपट्टीचं एक टोक धरावं लागतं, उतरताना दुसऱ्या गावच्या धावपट्टीच्या रेषेत यावं लागतं. त्यामुळे प्रत्यक्ष उड्डाण ६०५ पेक्षा थोडं जास्तच भरतं.

सव्वा-दीड तास कुठून येतो

या मार्गावर इंडिगोची एअरबस ए-३२० जातीची जेट विमानं नेहमीची आहेत. वर स्थिर झाल्यावर अशा विमानाचा वेग ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास असतो. ६०५ ला ८३० ने भागलं तर पाऊण तासही होत नाही, ४४ मिनिटं निघतात. मग वेळापत्रकात सव्वा ते दीड तास कसा?

कारण विमान त्या वेगाने सगळा वेळ उडत नाही. दहा-अकरा किलोमीटर उंची गाठायला वेळ जातो, उतरण आधीपासून सुरू करावी लागते. नागपूर-पुण्यासारख्या जवळच्या पल्ल्यात विमान वर पोचून थोडा वेळ सरळ गेलं की लगेच खाली यायला लागतं. हवेतला वेळ म्हणून तासाच्या आसपास जातो. शिवाय वेळापत्रकातला वेळ हा हवेतला वेळ नसतोच. विमान जागेवरून हललं तिथपासून ते पुण्यात जागेवर उभं राहीपर्यंतचा तो वेळ आहे. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं आलं, पुढे उभ्या असलेल्या विमानामागे थांबणं आलं, उतरल्यावर पार्किंगपर्यंतचं चालणंही आलं. कंपन्या त्यात थोडी सूटही धरून ठेवतात. म्हणून कधी कधी विमान उशिरा सुटूनही वेळेवर पोचतं आणि प्रवाशांना नवल वाटतं.

जाण्याच्या आणि येण्याच्या वेळेत फरक दिसतो, त्याचं कारण वारा. हिवाळ्यात आपल्याकडे उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. नागपूरहून पुण्याला जाताना तो समोरून येतो, परत येताना पाठीमागून लोटतो. धरा, वारा ताशी ८० किलोमीटरचा आहे. जाताना जमिनीवरून मोजलेला वेग ७५० राहिला, येताना ९१० झाला. पूर्ण अंतर याच वेगाने कापलं तरी आठ-नऊ मिनिटांचा फरक पडतो. पावसाळ्यात दक्षिणेकडे वरच्या थरातला वारा उलटा फिरतो, तो पूर्वेकडून येतो, त्यामुळे तेव्हा हा हिशोब बदलतो.

पुण्याची एक वेगळी अडचण आहे. लोहगावचा तळ मुळात हवाई दलाचा. प्रवासी विमानं हवाई दलाचीच धावपट्टी वापरतात. १४ जुलै २०२४ पासून तिथे नवीन टर्मिनल सुरू झालं, आत जागा ऐसपैस झाली, पण धावपट्टी एकच राहिली. समोर दुसरी विमानं असली की आपलं विमान वर घिरट्या मारतं. खिडकीतून पुणं दिसत असतं, उतरायला अजून वीस मिनिटं लागतात.

नागपूरने हे गणित फार आधी केलं आहे

विमानाचं अंतर आणि वेळ यांचा मेळ नागपूरने देशाला घालून दिला तो १९४९ साली. त्या वर्षीच्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून टपालाची विमानं रात्री निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही सोनेगावला उतरायची. इथे थैल्यांची अदलाबदल व्हायची. मुंबईच्या विमानात दिल्ली, कलकत्ता, मद्रासचं टपाल चढायचं, तसंच बाकीच्यांचं. मग चारही विमानं आपापल्या गावी परत जायची आणि सकाळी टपाल तिथल्या पोस्टात असायचं.

नागपूरच का? सरळ रेषेत मोजलं तर सोनेगावपासून मुंबई सुमारे ६८३ किलोमीटर, दिल्ली ८५४, मद्रास ९०८ आणि कलकत्ता ९८५. चारही अंतरं एका रात्रीत जाऊन-येऊन होण्यासारखी आहेत. तेव्हाचं डाकोटा विमान ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास चालायचं. म्हणजे मुंबईहून नागपूरला अडीच तास, कलकत्त्याहून साडेतीन ते पावणेचार तास. संध्याकाळपर्यंत पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकाच्या शहरात. आज कुरियरवाल्यांना जे जमतं ते तेव्हा जमत होतं. विमानं वेगवान झाली, लांबचा पल्ला थेट जाऊ लागली, तशी मध्ये थांबायची गरज संपली आणि १९७३ मध्ये ही सेवा बंद झाली.

त्या सेवेत एक गोष्ट ठरलेली होती. एक विमान उशिरा आलं तर बाकीच्या तिघांच्या थैल्या अडकायच्या. आजही तसंच आहे, फक्त आता थैलीऐवजी माणूस अडकतो.

गावापासून सोनेगावपर्यंत

आता आपल्या बाजूचा वेळ. धरमपेठेतून विमानतळ सात-आठ किलोमीटर आहे. ऑटोने किंवा कॅबने सकाळी लवकर वीस मिनिटं पुरतात, ऑफिसच्या वेळेला पाऊण तास धरावा. मेट्रोने जायचं तर शंकरनगर चौक स्टेशनवरून सीताबर्डीला यायचं, तिथे गाडी बदलून खापरीकडे जाणारी गाडी धरायची आणि एअरपोर्ट स्टेशनवर उतरायचं. हे स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. तिथून पुढे ऑटो किंवा फिडर गाडी लागते. हातात दोन बॅगा आणि संत्र्याची पेटी घेऊन हे अंतर चालत जायच्या भानगडीत पडू नये.

तालुक्याहून येणाऱ्याने विमानाच्या वेळेपासून उलटं मोजत यावं. समजा काटोल तालुक्यातलं गाव आहे आणि विमान दुपारी २ वाजताचं आहे. बॅग जमा करण्याचा काउंटर बहुतेक कंपन्या ६० मिनिटं आधी बंद करतात, म्हणजे १ वाजता. रांग, तपासणी धरून १२ वाजता विमानतळावर असायला पाहिजे. म्हणजे धरमपेठेतून सव्वाअकराला निघावं लागतं. एसटी गावाहून तालुक्याला, तालुक्याहून नागपूरला, मग स्टँडवरून ऑटो, या सगळ्याला अडीच तास गेले तर घर सकाळी साडेआठच्या आत सोडावं लागतं. गावाहून दिवसाला दोनच बस असतील आणि त्यातली एक आली नाही तर काय, याचं उत्तर आधी शोधून ठेवावं. सकाळचं पहिलं विमान असेल तर आदल्या रात्रीच नागपुरात नातेवाइकाकडे मुक्कामाला येणं शहाणपणाचं.

विमान ३:२५ ला पुण्यात उभं राहिलं, बॅग हातात यायला ४ वाजले. पुढे हिंजवडीला जायचं असेल तर संध्याकाळच्या गर्दीत सव्वा ते दीड तास. पुणे मेट्रो रामवाडीपर्यंत आली आहे, पण विमानतळावरून रामवाडीला जायलाही गाडी लागतेच. म्हणजे सकाळी साडेआठला निघालेला माणूस साडेपाचला पोराच्या खोलीवर. एकूण नऊ तास, त्यातला हवेतला एक.

काउंटरवर आणि तपासणीत वेळ कुठे जातो तेही सांगायला पाहिजे. साधारणपणे १५ किलो बॅग जमा करता येते आणि ७ किलो सोबत नेता येते. गावाहून पोराला न्यायचं सामान यात बसत नाही, मग काउंटरसमोर बॅगा उघडून लोणचं इकडे, पापड तिकडे सुरू होतं. लोणच्याची बरणी आणि तुपाचा डबा हातातल्या बॅगेत चालत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर जमा करायच्या बॅगेतही मनाई आहे, कारण खोबऱ्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं. क्ष-किरणात खोबरं दिसलं की बॅगवाल्याला परत बोलावतात. यात वीस मिनिटं सहज जातात.

मग रेल्वे आणि ट्रॅव्हल्स?

१० ऑगस्ट २०२५ पासून अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली. ८८१ किलोमीटरला १२ तास, सकाळी अजनीहून निघून रात्री पुण्यात. गाडी आठवड्यातून सहा दिवस आहे आणि सगळा प्रवास बसून करायचा आहे. गावापासून खोलीपर्यंत मोजलं तर पंधरा-सोळा तास होतात. रात्रीची ट्रॅव्हल्स संध्याकाळी निघते आणि सकाळी पोचवते, बारा ते चौदा तास, पण ते झोपेचे तास असतात. विमानाने दिवस जातो, ट्रॅव्हल्सने रात्र जाते. ज्याला दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पुण्यात मुलाखत आहे त्याच्यासाठी दुपारचं विमान आणि रात्रीची ट्रॅव्हल्स यांच्यात वेळेचा फरक फारसा नाही, खर्चाचा आहे.

रात्रीच्या रस्त्याबद्दल बोलताना १ जुलै २०२३ विसरता येत नाही. नागपूरहून पुण्याला निघालेल्या खासगी बसला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ मध्यरात्रीनंतर अपघात झाला, बसने पेट घेतला आणि २५ जणांचा जीव गेला. विदर्भातल्या कितीतरी घरांनी त्यानंतर पोरांना सांगितलं, पैसे जास्त लागू दे, विमानाने ये.

हिशोब खरा अवघड होतो तो अचानक जावं लागतं तेव्हा. दवाखान्याचा फोन येतो, किंवा त्याहून वाईट. अशा वेळी घरातला कुणीतरी म्हणतो, विमानाने दीड तासात पोचू. इथे दीड तास बाजूला ठेवून फक्त एक गोष्ट पाहायची : आत्तापासून किती तासांनी तिथे पोचू. रात्री ९ ला फोन आला आणि जागा असलेलं पुढचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी १० चं आहे, तर दवाखान्यात पोचायला दुपारचा १ वाजेल, म्हणजे १६ तास. तेच रात्री १० ला गाडी केली तर समृद्धीने छत्रपती संभाजीनगर आणि पुढे अहिल्यानगरमार्गे दहा-साडेदहा तासांत, सकाळी साडेआठपर्यंत पोचता येतं. फोन पहाटे ४ ला आला असेल तर उलट, सकाळचं विमान पुढे निघून जाईल. गाडीने जायचं ठरलं तर मात्र दोन चालक असावेत आणि रडत्या माणसाच्या हाती स्टिअरिंग देऊ नये. समृद्धीचा रस्ता सरळसोट आहे, डोळा तिथेच लागतो.

'एक थांबा' म्हणजे काय

थेट विमानाचं भाडं सणासुदीला चढलं की मोबाइलवर स्वस्तातलं दुसरं तिकीट दिसतं. त्याच्याखाली बारीक अक्षरात 'एक थांबा' लिहिलेलं असतं. तो थांबा बहुतेक वेळा दिल्ली, हैदराबाद किंवा मुंबईत असतो. दिल्लीमार्गे गेलं तर ८५४ किलोमीटर वर आणि तिथून पुण्याला सुमारे ११५५ किलोमीटर खाली, म्हणजे ६०५ किलोमीटरसाठी २००० किलोमीटरची वारी. वेळ सहा-आठ तास. हिवाळ्यात दिल्लीत धुकं पडलं की दुसरं विमान हातचं गेलंच म्हणून समजा. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असली तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर ती जबाबदारी प्रवाशाची.

शक्य असेल तर दिवसातलं पहिलं विमान घ्यावं. तेच एक विमान दिवसभर तीन-चार शहरांत फिरत असतं. सकाळी कुठेतरी अर्धा तास गेला की संध्याकाळपर्यंत तो दोन तास होतो.

उशीर झाला, विमान रद्द झालं तर

इथे तो ब्लॉक टाइम पुन्हा कामी येतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमात भरपाई त्याच्यावर ठरते. कंपनीने वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर तिकिटाच्या परताव्याशिवाय किंवा दुसऱ्या विमानाशिवाय भरपाई मिळते. एक तासापर्यंतच्या ब्लॉक टाइमसाठी ५,००० रुपये, एक ते दोन तासांसाठी ७,५०० आणि दोन तासांवर १०,००० रुपये. अट अशी की ही रक्कम किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल तेच मिळतं. नागपूर-पुणे मधल्या गटात येतं. खराब हवामान, कंपनीच्या हाताबाहेरची कारणं यात भरपाई नाही.

या मार्गावर उशीर दोन तासांचा झाला तर चहा-नाश्ता किंवा जेवण मागता येतं. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक निवडता येतं. काउंटरवर न भांडता हे शब्द नीट सांगितले की काम होतं. तिकीट काढताना मोबाइल नंबर स्वतःचाच द्यावा, दुकानदाराचा नको. विमानाची वेळ बदलल्याचा संदेश त्या नंबरवर जातो, आणि दुकान रविवारी बंद असतं.

अमरावतीचं काय?

वरूड, मोर्शी भागातले लोक आता विचारतात की नागपूरला कशाला जायचं, बेलोऱ्याला विमानतळ झाला ना. झाला. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. पण पुण्याला जाणाऱ्याला तिचा थेट उपयोग नाही, आणि मुंबईला जाणाऱ्यानेही अंतर बघून वेळेचा अंदाज बांधू नये. बेलोरा ते मुंबई सुमारे ५४० किलोमीटर, नागपूर ते मुंबई ६८३. अंतर १४० किलोमीटरने कमी, तरी बेलोऱ्याहून सुरुवातीच्या वेळापत्रकात पावणेदोन तास दिले होते, नागपूरहून जेट दीड तासाच्या आसपास घेतं. बेलोऱ्याची धावपट्टी १८५० मीटरची आहे, तिथे पंख्याचं एटीआर-७२ विमान येतं. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास.

वरूडच्या माणसाला नागपूर आणि अमरावती जवळपास सारखंच पडतं. सुरुवातीला ही सेवा आठवड्यातून तीनच दिवस होती, म्हणून आपल्या कामाच्या दिवशी विमान आहे का, हे निघण्याआधी बघून घ्यावं. त्या दिवशी असेल आणि मुंबईच गाठायची असेल तर बेलोरा बरं. तिथे रांग छोटी, आणि जे पंधरा मिनिटं हवेत जास्त जातात ती दारातच वसूल होतात.